हाळीला उत्तर न आल्यास

नोकरीतले बाकीचे गुन्हे आठवायचे म्हटले तर डोक्याला ताण द्यावा लागतो, जुनी कागदपत्रे डोळ्यांसमोर आणावी लागतात. त्या घटनेला मात्र बोलावणे लागत नाही. भाकरीचा घास हातात असतानासुद्धा ती येऊन समोर उभी राहते. त्यात दरोडा नव्हता, खून नव्हता. कायद्याच्या भाषेत तो एक साधा अपघात होता. नावे कुणाचीच देणार नाही. जे गेले त्यांना त्रास नको, आणि जे आहेत त्यांनी तेव्हाच पुष्कळ सोसले आहे.

महायुद्ध नुकतेच संपले होते. मी सातारा जिल्ह्यात, शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात फौजदार होतो. ठाण्यात मी, एक जमादार आणि सहा शिपाई. त्या वर्षांत आमच्या खाकीला गावात कुणी पाणी विचारत नसे. चावडीवर गेलो की बोलणारी माणसे गप्प व्हायची आणि बिड्या विझवून उठायची. त्यात त्यांचाही दोष नव्हता. चळवळीच्या दिवसांत पोलिसांनी त्या गावांत काय केले, ते मी डोळ्यांनी पाहिले होते.

लष्कराच्या जुन्या जीपगाड्यांचे लिलाव सुरू झाले तशी आमच्याकडेही एक आली. कोळशाच्या एका कंत्राटदाराने ती घेतली. डोंगरावर त्याच्या भट्ट्या होत्या आणि तिथवर मोटरीचा रस्ता नव्हता. होती ती एक बैलवाट. गावची गुरे, गवताला जाणाऱ्या बायका, पलीकडच्या वाड्यांची माणसे, सगळी त्याच वाटेने जायची. जीपला रस्त्याचे काही नडत नव्हते. ती दगडधोंड्यांतून बोकडासारखी चढायची. पहिल्याच महिन्यात एक म्हैस बुजून पाय मोडून बसली, एका धनगराची मेंढरे पांगली, आणि गावकऱ्यांनी वाटेवर काट्याकुट्या टाकून गाडी अडवली. प्रकरण माझ्याकडे आले.

मामलेदारांनी चावडीवर बैठक घेतली. वाट सरकारी होती, त्यामुळे मोटरीला सरसकट बंदी घालता येत नव्हती. गुरामाणसांची वहिवाट तर पिढ्यान्‌पिढ्यांची. बाजाराच्या दिवशी मोटर नाही, गुरे सुटायच्या आणि परतायच्या वेळेला मोटर नाही, एवढ्यावर दोन्ही बाजू लवकर आल्या. अडचण होती ती खिंडीची. साधारण तीनशे पावलांचा तो तुकडा, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि मध्ये वळण. आत जीप शिरली की बाजूने बैलसुद्धा जाऊ शकत नसे.

त्यावर मी तोड सुचवली. खिंडीत शिरण्यापूर्वी जनावरे घेऊन जाणारा माणूस हाळी देतो, आत कुणी असेल तर ओ देतो, ही तिथली जुनीच रीत होती. तीच मी नियमात घातली. मोटरीबरोबर गावचा एक माणूस असावा, त्याने खिंडीच्या तोंडाशी उतरून तीन हाळ्या द्याव्यात, ड्रायव्हरने भोंगा वाजवावा, आणि हाळीस उत्तर न आल्यास वाट मोकळी समजून मोटर आत घालावी. हे शेवटचे वाक्य माझे, माझ्या हातचे. मामलेदार म्हणाले, "फौजदार, तुम्ही वकील व्हायला हवे होते." मी खूश झालो. बैठकीला आम्ही अकरा जण होतो. अकराही पुरुष होतो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही.

हाळी देण्याचे काम गावातल्या एका म्हाताऱ्याला मिळाले. साठीचा, उंच, गळ्यात तुळशीची माळ. जन्म गुरांमागे गेल्यामुळे त्याचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा. त्याचे दोन्ही मुलगे पलटणीत होते. घरी म्हातारी आणि दोन सुना.

दिवाळी झाली, गवत पिकले, कापणी सुरू झाली. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोलीसपाटील धापा टाकीत ठाण्यात आला. त्याने खबर दिली की खिंडीत मोटरीने बाई मारली, आणि बाई म्हणजे त्याच म्हाताऱ्याची थोरली सून.

मी डायरीत नोंद करून जमादाराला घेऊन निघालो. खिंडीच्या वळणावर जीप उभी होती. पुढच्या उजव्या चाकावरच्या पत्र्यात गवताच्या काड्या अडकल्या होत्या, बाकी गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. खाली तीस-चाळीस हात दरीत प्रेत होते. मोटर तिच्या अंगाला लागलीच नव्हती. डोक्यावरचा भारा दोन्ही बाजूंना हातहात पुढे आलेला असतो. मोटर भाऱ्याला लागली आणि भाऱ्याने बाईला नेले. वय असेल पंचविशीचे. कमरेचा विळा तसाच खोचलेला होता. मी पंचनामा केला, पंचांच्या सह्या-अंगठे घेतले, प्रेत तपासणीला पाठवले आणि ड्रायव्हरला ताब्यात घेतले.

ड्रायव्हर तालुक्याच्या गावचा, लोहारकाम करणाऱ्या मुसलमान घरातला तरुण. ब्रह्मदेशात लष्करी लॉऱ्या चालवून आलेला. तो पळाला नव्हता. मी पोचलो तेव्हा तो दरीत प्रेतापाशी बसून होता, आणि स्वतःचा सदरा काढून त्याने तिच्या तोंडावर घातला होता.

"भोंगा दिला, साहेब," तो म्हणाला. "बाबांनी तीन हाळ्या दिल्या. आतनं ओ आली न्हाई. मग बाबा गाडीत बसलं आन आमी आत शिरलो. वळणावर बाई दिसली. कडंला, आमच्याकडं पाठ करून हुबी. मी कातळाकडं गाडी दाबली, पर भारा घावला."

मी म्हाताऱ्याला बोलावले. तो म्हणाला, "मी न्हवतोच. प्वाटात दुखत हुतं म्हून खालीच उतरलो. त्यो एकलाच म्होरं गेला. हाळी न्हाई, काय न्हाई."

माळकरी माणूस. स्वतःची सून गमावलेला. त्याच्यावर विश्वास का ठेवू नये? गावही त्याच्या बाजूने होते. कुणी भोंगा ऐकला नव्हता, कुणी हाळी ऐकली नव्हती. अनुभवाने मला एवढे कळत होते की सगळ्या गावाची जबानी शब्दाला शब्द जुळली की समजावे, कुणीतरी बसून ती जुळवली आहे. पण हे ज्ञान मी त्या दिवशी वापरले नाही. मला राग आला होता. मी एवढा विचार करून नियम केला, आणि या पोराने तो पाळला नाही म्हणून बाई मेली, असे माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

ठाण्यात मी त्याची उलटतपासणी घेतली. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. त्याचे उत्तर बदलेना.

"म्हातारा खोटं बोलतो म्हणतोस?"

"खोटं न्हाई, साहेब. त्यांचं डोस्कं ठिकाणावर न्हाई. दोन दिस थांबा, ते सोताच सांगत्याल."

त्याचा तो शांतपणा मला उर्मटपणा वाटला. मी त्याच्या कानाखाली दिली. हे लिहिताना लाज वाटते, पण हे गाळून लिहायचे तर मग लिहायचेच कशाला? त्याने हात वर केला नाही, गालालाही लावला नाही. फक्त म्हणाला, "अल्लाची आन, साहेब, हाळी दिली हुती."

हयगयीने मोटर हाकून मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा मी नोंदवला. कलम जामिनाचे होते, पण जामीन राहायला कुणी येईना. कंत्राटदाराने हात झटकले. गावाचा राग निवेपर्यंत पोर कोठडीतच बरे, असे त्याने मला तोंडावर सांगितले. ड्रायव्हरची आई रोज भाकरी बांधून पायी यायची आणि ठाण्याच्या ओट्यावर बसून राहायची. ती कधी रडली नाही की पाया पडली नाही. शिपायाने हाकलले तर उठून समोरच्या चिंचेखाली जाऊन बसायची. शिक्षा झाली असती तर पोराला तुरुंग तर भोगावा लागलाच असता, पण पुन्हा कुणी त्याच्या हातात मोटरही दिली नसती. त्या घरात कमावता तो एकच होता.

आठवड्याभराने दोषारोपाचे कागद तयार करायला बसलो. जमादार पंचनामा वाचून दाखवत होता आणि मी नक्कल करत होतो. प्रेताजवळ मिळालेल्या वस्तू वाचून झाल्या. विळा एक, फुटलेल्या काकणांचे तुकडे, गवताचा भारा सुटलेला एक, फडक्याची चुंबळ एक. मग खिंडीतल्या वस्तू आल्या. कातळाच्या कपारीत फडक्याची चुंबळ एक.

जमादार थांबला. तो म्हातारा होत आलेला माणूस होता, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. चष्मा काढून म्हणाला, "साहेब, डोक्यावर भारा एक आणि चुंबळी दोन कशा?"

मी लेखणी खाली ठेवली. पंचनाम्यावर माझी सही होती. दोन्ही वस्तू मी स्वतः लिहून घेतल्या होत्या. बाईमाणूस डोक्यावरच्या ओझ्याखाली एकच चुंबळ ठेवते, हे शेंबड्या पोरालाही कळते. म्हणजे त्या खिंडीत दुसरी बाई होती, आणि तिचे नाव कुणीही घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात गेलो. गवताला बाई एकटी जात नाही, जोडीने जाते. थोरलीची जोड कोण, हे विचारायची गरजच नव्हती. जमादाराने म्हाताऱ्याला काही निमित्त काढून देवळाकडे नेले. मी गावच्या सुईणीला बरोबर घेतले आणि म्हाताऱ्याच्या घरी गेलो. धाकटी सून मागच्या पडवीत होती. सुईण तिच्याजवळ बसली आणि मी उंबऱ्याच्या बाहेर, तिच्याकडे पाठ करून बसलो. तिला माझे तोंड दिसले असते तर ती बोलली नसती.

बराच वेळ नुसता सुईणीचाच आवाज येत राहिला. "बोल बाई. त्या पोराची आई ठान्याम्होरं बसून हाय. बोल."

मग अगदी बारीक आवाज आला. "आमी दोगी हुतो."

"भोंगा ऐकला का?" मी न वळता विचारले.

"व्हय."

"आणि हाळी?"

"मामंजींची हाळी आली. तीनदा आली."

"मग ओ का दिली नाहीत?"

सुईणीलाच माझी कीव आली असावी. ती म्हणाली, "आवं साहेब, सासऱ्याच्या हाळीला सुनंनं वरडून ओ द्यायची व्हय? घरात त्यांनी पानी मागितलं तर तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवायचा, 'आनलं' म्हनायचं न्हाई. आन खिंडीत गळा काढून वरडायचं?"

आता धाकटीही बोलू लागली. "दुसरं कुनी आसतं तर दिली आसती. आदी मामंजी पायी यायचं, तवा आमी कातळाकडं त्वांड करून हुबं ऱ्हायचो. ते खाकरून निघून जायाचं. कवाच काय झालं न्हाई. त्या दिशी आक्का म्हनली, चल बिगी, कपार गाठू. कपारीत एकीपुरतीच जागा. तिनं मला आत ढकललं. आन सोता कडंला गेली. मामंजी गाडीत हायत म्हून पदर वढून पाठ क्येली."

सुईण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तू घरी कशी आलीस?" मी शेवटचे विचारले.

"डायवर खाली पळाला. मामंजी माझ्याकडं आलं. म्हनलं, पोरी, भारा उचल, घरला जा, कुनाला सांगू नगंस. ते माझ्यासंगं पैल्यांदाच बोललं."

मी तिची जबानी लिहून घेतली. चावडीवरची बैठक मला आठवत होती, आणि ते मामलेदारांचे कौतुक. हाळीस उत्तर न आल्यास वाट मोकळी समजावी. गावात निम्म्या बायका कुणाच्या ना कुणाच्या सुना असतात. सासरा, चुलत सासरा, थोरला दीर, या सगळ्यांसमोर त्यांचा आवाज निघत नाही. माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा तेच चालत होते. माझी बायको माझ्या वडिलांशी दाराआडून काकणे वाजवून बोलायची. हे मी रोज पाहत होतो. आणि तरी न बोलणे म्हणजे कुणी नसणे, असे मी सरकारी कागदावर लिहून दिले.

देवळात म्हातारा खांबाला टेकून बसला होता. मला पाहताच त्याला कळले. मी काही विचारायच्या आधीच त्याने मुंडासे काढून मांडीवर ठेवले.

"हाळी दिली हुती, साहेब. त्या पोरानं काय सुदिक क्येलं न्हाई."

"मग खोटं का बोललात?"

"काय सांगू? माझ्या सुना माझ्याम्होरं कवा बोलल्या न्हाईत, हे मला ठावं न्हवतं व्हय? ठावं हुतं. गवताला गेल्यात, हेबी ठावं हुतं. पर मोटरीत बसलो आन मला वाटलं, ओ आली न्हाई म्हंजी कुनी न्हाई. तुमच्या कागदात तसं लिवलं हुतं." मग मान हलवून म्हणाला, "न्हाई, कागदाचं नाव सांगत न्हाई. ती माझ्या हाळीला मान देऊन मेली. दुसऱ्याची हाळी आसती तर जगली आसती. हे थोरल्याला कसं लिवून कळवू? म्हून म्हनलं, मी न्हवतोच."

खोटी जबानी दिल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा होऊ शकत होता. मी तो केला नाही.

संध्याकाळच्या आत ठाण्यात परतलो आणि कोठडी उघडली. ड्रायव्हरला सांगितले की म्हातारा खरे बोलला. त्याने डोळे मिटले. मी म्हणालो, "माझं चुकलं." फौजदाराने आरोपीला असे म्हणायची पद्धत नव्हती. शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. तो म्हणाला, "त्या बाबांस्नी काय करू नका, साहेब. तेंचं लय गेलंय." मग बाहेर जाऊन तो चिंचेखाली आईजवळ बसला. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, जिथे मी मारले होते तिथूनही फिरवला. मला दारातून ते पाहवले नाही. मी आत येऊन उगाच दप्तर चाळत बसलो.

प्रांतसाहेबांना अहवाल पाठवला. त्यात स्वच्छ लिहिले की ड्रायव्हरने नियम तंतोतंत पाळला, बाई नियमामुळे मेली, आणि ते कलम माझ्या सूचनेवरून घातले गेले. जमादार म्हणाला, "साहेब, शेवटची ओळ गाळा. कुणी मागितलेली नाही." मी गाळली नाही. माझ्या नावावर एक शेरा पडला, बढती दोन वर्षे मागे गेली. त्याचे मला वाईट वाटले नाही. एवढ्यावर सुटलो, याचेच वाटले.

नवा हुकूम निघायच्या आधी मी त्या सुईणीकडे गेलो आणि नियम काय असावा, ते तिला विचारले. ती म्हणाली, "हाळीबिळी ऱ्हाऊ द्या. मानसानं आधी आख्खी खिंड चालून जावं, डोळ्यानं बघून यावं, मग मोटर सोडावी. आन गवताच्या म्हयन्यात मोटर नकोच." एवढे साधे होते. आम्हा अकरा जणांना ते सुचले नव्हते. तेच शब्द मी शुद्ध करून हुकुमात घातले.

तो हुकूम लागला त्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. मोटरीचे काम त्याने सोडले होते. ओसरीवर घोंगडीवर बसला होता, महिन्याभरात दहा वर्षांनी वाकलेला. मी हुकूम वाचून दाखवला. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हते. मग त्याने घराकडे तोंड करून हाक दिली, "पोरी, साहेबांस्नी पानी आन."

आत भांड्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला गेला आणि काकणे मागे सरली.

म्हातारा तांब्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आनलं म्हून सांग."

आत नुसती काकणे वाजली.

"सांग, पोरी. मोठ्यानं सांग. तुज्या पाया पडतो."

मी खाली मान घातली होती. पुष्कळ वेळाने दाराआडून आवाज आला. आधी नुसता हुंदका, मग शब्द.

"आनलं, मामंजी."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि तो ढसाढसा रडू लागला. मी पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला आणि उठलो.

त्यानंतर नोकरीत मी पुष्कळ हुकूम काढले. जत्रेचे, बाजाराचे, रस्त्यांचे. प्रत्येक वेळी सही करण्यापूर्वी थांबून एकच गोष्ट विचारत आलो, की इथे बोलायला कोण आलेले नाही. पण हे शहाणपण मला ज्या बाईमुळे आले, तिचा आवाज मी कधी ऐकला नाही. खिंडीत तिला ओरडता आले असते. ती फक्त रीत पाळत होती, आणि मी तिच्या गप्प राहण्याचा अर्थ सरकारी शिक्क्यानिशी ठरवून ठेवला होता.